घरचा सर्व्हर: वॅट आधी, वेग नंतर

या वेळी आलेले बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतायत: घरात चोवीस तास चालू राहील असा छोटा, आवाज न करणारा, वीज कमी खाणारा कॉम्प्युटर कुठला घ्यावा. गूगल फोटोजची फुकटची अमर्याद जागा १ जून २०२१ ला बंद झाली, १५ जीबी भरल्याचे मेसेज आता सगळ्यांनाच येतात, आणि दर महिन्याला भाडं भरत बसण्यापेक्षा आपलाच एक डबा घरात ठेवू असं बऱ्याच जणांना वाटायला लागलंय. प्रश्न थोडे छाटलेत, उत्तरं लागली तेवढी लांब होऊ दिलीत.

प्रश्न: सर, माझ्याकडे दहा-बारा वर्षांपूर्वीचा असेंबल केलेला डेस्कटॉप आहे. त्यावर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) टाकून फोटो, पिक्चर आणि जाहिराती अडवणारं पाय-होल चालवतोय. काम मस्त चालतं, पण वन बीएचके आहे, राउटर बेडरूममध्ये म्हणून डबाही तिथेच. रात्रभर घरघर आणि वर लाइट बिल. मिसेस म्हणतात एकतर तो राहील नाहीतर मी. काय घेऊ? (एक वाचक, डोंबिवली)

मिसेसची बाजू भक्कम आहे, आकडे पण त्यांच्याच बाजूने आहेत.

आधी एक करा, प्लगमध्ये लावायचा वॅट मीटर किंवा युनिट दाखवणारा स्मार्ट प्लग घ्या आणि तुमचा डेस्कटॉप काहीच करत नसताना किती ओढतोय ते बघा. त्या काळातला डेस्कटॉप, साधा एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा), एक-दोन मोठ्या हार्ड डिस्क, म्हणजे रिकामा बसून ५०-७० वॅट कुठे गेले नाहीत. ६५ धरू. ६५ वॅट चोवीस तास, तीस दिवस, झाले जवळपास ४७ युनिट. महावितरणचे स्लॅब ० ते १००, १०१ ते ३०० असे चढत जातात आणि दुसऱ्या स्लॅबचा दर पहिल्याच्या जवळपास दुप्पट पडतो, त्यामुळे तुमचं घर एरवी ९० युनिटमध्ये भागत असेल तर या डब्याची बहुतेक युनिटं वरच्या दरानेच लागतात. सगळे आकार आणि वीज शुल्क धरून १२ रुपये युनिट पकडलं तर महिन्याला साडेपाचशेच्या आसपास. तुमचा नेमका दर बिलाच्या मागच्या बाजूला आहे, तो टाकून बघा.

आता हेच काम १० वॅटच्या मशिनवर गेलं तर महिन्याला ७ युनिट, म्हणजे ८५-९० रुपये. वर्षाला साडेपाच हजाराच्या पुढे फरक पडतो, म्हणजे नवीन मशीन दोन-अडीच वर्षांत स्वतःचे पैसे स्वतः काढतं.

इथे एक गैरसमज सगळ्यांचा असतो, प्रोसेसरच्या माहितीत टीडीपी नावाचा आकडा लिहिलेला असतो, ६ वॅट, ३५ वॅट, ६५ वॅट, आणि लोक त्यालाच वीज खर्च समजतात. तसं नाहीये. तो आकडा चिप भरपूर कामात असताना किती उष्णता बाहेर काढायची याचा अंदाज असतो, भिंतीतून किती वीज येते त्याचा नाही. घरचा सर्व्हर दिवसातले तेवीस तास स्टँडवर इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या रिक्षासारखा असतो, त्यामुळे अ‍ॅव्हरेज किती देते यापेक्षा उभी असताना किती पिते हे विचारायचं. म्हणून शोधताना आयडल पॉवर, म्हणजे रिकामं बसल्यावर ओढलेली वीज, शोधा, भिंतीवर मोजलेली.

तुमच्या कामाला, म्हणजे फोटो, घरातल्या टीव्हीवर पिक्चर आणि पाय-होल एवढ्याला, ऑफिसातून निघणारे एक लिटरच्या आकाराचे छोटे डेस्कटॉप सगळ्यात बरे. लेनोवो थिंकसेंटर टायनी, डेल ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपी एलिटडेस्क किंवा प्रोडेस्क मिनी, तिन्ही एकाच जातीचे, पुस्तकाएवढे, लॅपटॉपसारखा बाहेरचा अडॅप्टर. साधारण ८ ते १५ वॅटमध्ये रिकामे बसतात. पंखा आहे पण कामच नसल्यामुळे तो हळू फिरतो, बेडरूममध्ये रात्री कान देऊन ऐकलं तरच कळेल. आत मोठी हार्ड डिस्क लावू नका (तशी मावतही नाही), एसएसडी (चिपवर साठवणारी, न फिरणारी डिस्क) लावा, मग फिरणारा भाग फक्त तो एक पंखा.

आणि जुना डेस्कटॉप लगेच भंगारात देऊ नका. त्यातली मोठी डिस्क काढून यूएसबी केसमध्ये घाला, बॅकअपला होईल. आठवड्यातून एकदा लावायची, कॉपी झाली की काढायची.

प्रश्न: दादा, मी इंजिनिअरिंगला आहे, पिंपरीत राहतो. डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या कप्प्यांत चालवायला), होम असिस्टंट (घरातली स्मार्ट उपकरणं सांभाळायला), जेलीफिन (घरातले पिक्चर टीव्ही-मोबाइलवर पाठवायला) असं सगळं शिकायचंय. बाबा एकदाच पैसे देणार आहेत. यूट्यूबवर सगळे रास्पबेरी पाय ५ म्हणतात, मित्र म्हणतो एन१०० वाला मिनी पीसी घे, सीनियर म्हणतो पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तापकीर गल्लीत जाऊन जुना टायनी उचल. कन्फ्यूज झालोय. (एक विद्यार्थी)

तुझ्या सीनियरचं ऐक. पण का, ते समजून घे, नाहीतर वर्षभराने दुसरं कोणीतरी अजून काहीतरी सांगेल आणि तू परत कन्फ्यूज.

रास्पबेरी पाय, म्हणजे एकाच बोर्डवरचा चिमुकला कॉम्प्युटर, २०१२ मध्ये आला तेव्हा ३५ डॉलरचा होता आणि त्याच्या जवळपास जाणारं दुसरं काही नव्हतं. ती प्रतिमा लोकांच्या डोक्यात अजून तशीच आहे. पाय ५ चांगलाच आहे, पण नुसता बोर्ड घेऊन भागत नाही. त्याला ५ व्होल्ट ५ अँपिअरचा त्याचा स्वतःचा चार्जर लागतो, आणि तू घरातला साधा ३ अँपिअरचा मोबाइल चार्जर लावलास तर बोर्ड चालू होईल पण सगळ्या यूएसबी पोर्टना मिळून फक्त ६०० मिलिअँपिअर देईल. पोर्टेबल हार्ड डिस्क लावली की ती टिक टिक करत बंद-चालू होत बसते आणि लोकांना वाटतं डिस्कच गेली. चार्जर झाला, वर कूलर, केस, एनव्हीएमई (वेगवान प्रकारची एसएसडी) लावायची असेल तर वेगळी हॅट, म्हणजे वर बसणारा जोडबोर्ड, मग एसएसडी. मेमरी कार्डवर सर्व्हर चालवायचा नाही हं, लॉग आणि डेटाबेस सारखे लिहीत राहतात आणि कार्डाला ते झेपत नाही. सगळं जोडून बेरीज कर, जुन्या टायनीच्या पुढे जाशील. शिवाय पाय ५ मध्ये व्हिडिओ एन्कोड करायचं हार्डवेअरच नाहीये, त्यामुळे जेलीफिनला पिक्चर दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलून पाठवायची वेळ आली की सगळा भार प्रोसेसरवर. पायची खरी जागा वेगळी आहे, सेन्सर जोडायचेत, पिना वापरायच्यात, तीन-चार वॅटमध्ये एखादं छोटं काम कायम चालवायचंय, तिथे त्याला तोड नाही.

एन१०० ही इंटेलची २०२३ च्या सुरुवातीला आलेली चिप, चार छोटे कोअर, टीडीपी ६ वॅट. यातले मिनी पीसी रिकामे असताना साधारण ६ ते १० वॅटमध्ये बसतात, मात्र कामाला लागले की बरेच जण २० च्या पुढे जातात, तेव्हा डब्यावरचा ६ वॅट वाचून हुरळून जाऊ नकोस. व्हिडिओच्या बाबतीत हा सगळ्यात पुढे, एव्ही१ हा नवा व्हिडिओ फॉरमॅट सुद्धा हार्डवेअरने उलगडतो. अडचण अशी की रॅमची एकच चॅनेल (मेमरीकडे जायचा एकच रस्ता), बहुतेक मशिनमध्ये एकच स्लॉट, काहींत तर सोल्डर केलेली, आणि डब्यावरचा ब्रँड कधी ऐकलेला नसतो. बायोस (मशीन चालू होताना सगळ्यात आधी जागं होणारं सॉफ्टवेअर) अपडेट, अडॅप्टर, वॉरंटी या बाबतीत ज्याचं त्याचं नशीब.

आणि जुना टायनी. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या प्रोसेसरच्या खाली अधिकृतपणे चालत नाही, त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे ढीगभर मशीन ऑफिसांनी बाहेर काढले. लिनक्सला पिढीशी काही देणंघेणं नाही. त्यात २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे भडकलेत की रॅमसकट मिळणारं जुनं मशीन अजूनच फायद्याचं ठरतं.

तुला जेलीफिन चालवायचंय म्हणून सहावी पिढी सोड, १० बिट एचईव्हीसी हा व्हिडिओ फॉरमॅट तिला हार्डवेअरने नीट जमत नाही, सातवीपासून जमतं. आठव्या पिढीचा आय५-८५००टी मिळाला तर उत्तम, सहा कोअर आहेत. शेवटचं टी बघून घे, टी म्हणजे ३५ वॅटवाला, टी नसेल तर ६५ वॅटवाला आणि त्याचा पंखा जास्त बोलतो. रिकामं असताना एन१०० पेक्षा हा तीन-चार वॅट जास्त घेईल, म्हणजे महिन्याला तीसेक रुपये. तेवढ्यासाठी अडून बसू नकोस.

आता तापकीर गल्लीत गेल्यावर काय बघायचं. (मुंबईवाल्यांसाठी लॅमिंग्टन रोड, नियम तेच.) आधी अडॅप्टर. तिन्ही कंपन्यांच्या पिना वेगळ्या, लेनोवोची चौकोनी, आणि डेलमध्ये तर मशीन अडॅप्टरला ओळखायला बघतं, ओळख पटली नाही की सुरुवातीलाच मेसेज देतं आणि प्रोसेसरचा वेग पाडून ठेवतं. दुकानदार म्हणेल काय नाय होत, चालतंय. चालतं, पण कासवाच्या गतीने. मग बायोसमध्ये शिरून दाखवायला सांग, कंपनीचा पासवर्ड अडकलेला असेल तर ते मशीन तिथेच ठेव. झाकण मागच्या एक-दोन स्क्रूवर निघतं, उघडून पंख्याच्या जाळीत धुळीचा थर किती आहे बघ. धूळ असली म्हणून नाकारू नकोस, ब्रशने निघते, पण पंखा बोटाने फिरवला तर खरखर नको. आत आलेल्या एसएसडीवर फार विश्वास नको, लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून बूट करून स्मार्टची, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते तिची, माहिती वाच, किती तास चालली आणि किती लिहिली गेली ते कळतं. आणि मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा गोल सेल घरी आल्या आल्या बदल, किरकोळ खर्च आहे. तो गेलेला असला तर लाइट गेल्यावर घड्याळ मागे पळतं, काही मशिनवर बायोसची सेटिंगही पुसली जाते, आणि तारीख चुकली की सुरक्षित वेबसाइटची सर्टिफिकेट नाकारली जातात, मग अपडेट का होत नाही म्हणून डोकं धरून बसशील.

रॅम ८ जीबी असेल तर शिकायला पुरे, १६ असेल तर निवांत. प्रॉक्समॉक्सवर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एका मशिनमध्ये अनेक आभासी मशीन, खेळायची असतील तर १६ च बघ. नाहीतर साधं डेबियन लिनक्स टाक, त्यावर डॉकर.

प्रश्न: आमच्याकडे अकोल्यात मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो, लाइटचा भरवसा नाही. बिनपंख्याचा मिनी पीसी घ्यावा का? इन्व्हर्टर आहे, तरी लाइट गेली की जुना पीसी रीस्टार्ट होतो. (एक वाचक, अकोला)

बिनपंख्याचा घेऊ नका. आवाज शून्य हे ऐकायला छान वाटतं, पण तो डबा म्हणजे अख्खी बॉडीच हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातू), बाहेरच्या हवेपेक्षा तो थंड होऊच शकत नाही आणि तुमच्या खोलीतच चाळीसच्या पुढे तापमान असतं. मोठा, हळू फिरणारा पंखा असलेला घ्या. ठेवायला माळा नको, पत्र्याखाली नको, टीव्हीखालच्या बंद कपाटात तर नकोच. जमिनीपासून थोडं वर, भिंतीपासून चार बोटं लांब, जिथे कूलरची हवा फिरते पण ओलावा थेट लागत नाही अशी जागा. हार्ड डिस्क असेल तर तिचं तापमान स्मार्टमध्ये दिसतं, बहुतेकांची कमाल मर्यादा ६० अंश लिहिलेली असते, पण पन्नाशी ओलांडली की हालचाल करा. एसएसडीला उष्णता तुलनेने बरी सोसते.

इन्व्हर्टरचं बघा, मागे किंवा बाजूला एक छोटा खटका असतो, एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको लिहिलेलं. नॉर्मलवर असेल तर लाइट गेल्यावर वीज बदलायला जो वेळ लागतो त्यात पंखे-बल्बला काही होत नाही, कॉम्प्युटर मात्र पडतो. यूपीएसवर टाका. त्याने व्होल्टेज कमी-जास्त झालं तरी इन्व्हर्टर लगेच बॅटरीवर जातो, त्यामुळे व्होल्टेज फार खेळत असेल तर बॅटरीवर ताण येतो, पण सर्व्हर उभा राहतो. खटका नसलेला इन्व्हर्टर असेल तर सर्व्हर आणि राउटर एवढ्यापुरता छोटा यूपीएस. राउटरसाठीचे १२ व्होल्टचे मिनी यूपीएस मिळतात, त्यावर १२ व्होल्टचा एन१०० चालवतात काही जण, पण २ अँपिअरवाला म्हणजे २४ वॅट, मशिनने जोर लावला की कमी पडतो. यूएसबी वायर असलेला यूपीएस घेतलात तर नट नावाचं सॉफ्टवेअर बॅटरी संपत आली की सर्व्हर नीट बंद करतं, ते नक्की करा.

आणि बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप चालू व्हायची सेटिंग असते, आफ्टर पॉवर लॉस किंवा एसी रिकव्हरी अशा नावाची, ती पॉवर ऑनवर ठेवा. नाहीतर तुम्ही गावाला, लाइट जाऊन आली, आणि सर्व्हर झोपलेला.

पावसाळ्यात विजा कडाडायला लागल्या की फायबरवाले निर्धास्त असतात, कारण काचेच्या तारेतून वीज येत नाही. खरंय, पण राउटरच्या अडॅप्टरमधून येते आणि मग लॅनच्या वायरने सर्व्हरपर्यंत पोचते. अर्थिंग एकदा वायरमनकडून तपासून घ्या.

प्रश्न: दादा, मी मडगावची, शाळेत शिकवते. मिस्टर बोटीवर असतात. लग्नापासूनचे फोटो, मुलांचे व्हिडिओ सगळं मिळून ८०० जीबी आहे, तीन डिस्कवर पसरलेलं. दोन डिस्कवाला तयार नॅस (घरातल्या नेटवर्कला जोडायचा डिस्कचा डबा) घ्यावा असं दुकानदार म्हणतो. मला कमांड वगैरे टाइप करायला वेळ नाही. आणि हॉलमध्ये आवाज नको. (एक वाचक)

ताई, तुम्ही शेवटी जे लिहिलंय तेच महत्त्वाचं, वेळ नाही. ज्यांना खुडबूड करायची हौस नाही त्यांनी तयार नॅस घेण्यात काही गैर नाही. मोबाइलवर अ‍ॅप, फोटो आपोआप चढतात, विषय संपला. पण दोन गोष्टी समजून घ्या.

एक, नॅसचा आवाज पंख्याचा नसतो, डिस्कचा असतो. साडेतीन इंची डिस्कची बारीक घरघर लाकडी शोकेसवर ठेवली की दुप्पट ऐकू येते, खाली जाड रबर किंवा फोम ठेवलात की बरीच कमी होते. शिवाय अशी एक डिस्क नुसती फिरत राहायला पाचेक वॅट घेते, दोन म्हणजे दहा, आतल्या प्रोसेसरपेक्षा जास्त. तुमचा डेटा ८०० जीबीच आहे तर मोठ्या डिस्क कशाला? २ टीबीच्या दोन एसएसडी बसतात का ते विचारा, महाग पडतील पण हॉलमध्ये शांतता राहील. आणि कुठलं मॉडेल कुठल्या डिस्क घेतं ते आधीच बघा, नॅस बनवणाऱ्या सिनॉलॉजीने २०२५ च्या प्लस मॉडेलमध्ये स्वतःच्याच यादीतल्या डिस्क लावण्याची सक्ती आणली होती, गिऱ्हाइकं भडकली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी ती बरीचशी मागे घेतली.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. दोन डिस्क आहेत म्हणजे बॅकअप आहे असं दुकानदार सांगेल. नाही. दोन्हीवर एकाच वेळी तेच लिहिलं जातं, तुमच्या मुलाने चुकून फोल्डर उडवला तर तो दोन्हीकडून एकदमच उडतो. म्हणून तुमच्याकडच्या तीन डिस्कमधली सगळ्यात नवी बॅकअपला ठेवा, महिन्यातून एकदा लावायची, कॉपी करायची, काढून कपाटात. आणि जमलं तर एक कॉपी माहेरी. गोव्याच्या दमट हवेत कपाटातल्या डिस्कलाही बुरशी-गंज लागतो, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, वर्षातून दोनदा बाहेर काढून चालतेय का बघा.

नवी डिस्क घ्यायची झाली तर बिलावर फक्त टीबी बघू नका. एसएमआर नावाच्या पद्धतीच्या डिस्कमध्ये माहितीचे पट्टे एकमेकांवर चढवलेले असतात, स्वस्त पडतात, कपाटातल्या बॅकअपला चालतात, पण नॅसमध्ये एक डिस्क बदलून दुसरी भरायची वेळ आली की रडकुंडीला आणतात. नॅससाठी सीएमआर, म्हणजे पट्टे एकमेकांवर न चढवलेली, मागा. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठी म्हणून विकलेल्या काही रेड डिस्क एसएमआर निघाल्या होत्या, म्हणजे लेबलवर नॅस लिहिलंय एवढ्यावर जायचं नाही, मॉडेल नंबर तपासायचा.

प्रश्न: घरात पडलेला जुना लॅपटॉप सर्व्हर म्हणून चालेल का? (एक वाचक, सातारा)

चालेल, छान चालेल. बॅटरी म्हणजे घरचाच यूपीएस, स्क्रीन-कीबोर्ड सोबत, स्क्रीन बंद ठेवली तर वीजही कमी. झाकण लावल्यावर झोपू नये म्हणून सेटिंग बदलावी लागते, लिनक्समध्ये लॉगिनडीच्या फाइलमध्ये एका ओळीचं काम आहे. धोका एकच, कायम १०० टक्के चार्जवर राहिलेली बॅटरी फुगते. चार्जिंग ६०-८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती लावा, नसेल आणि टचपॅड वर उचललेलं दिसायला लागलं तर त्याच दिवशी बॅटरी काढा. उद्यावर टाकू नका.

प्रश्न: नमस्कार, मी जर्मनीत स्टुटगार्टला असतो, आई-बाबा कोल्हापूरला. नातवाचे फोटो त्यांना आणि त्यांचे जुने अल्बम स्कॅन करून मला, असं दोन्हीकडून बघता यावं. सर्व्हर इकडे ठेवू की तिकडे? इथली वीज फार महाग आहे. कोल्हापूरच्या फायबरवाल्याने सांगितलं की पब्लिक आयपी (बाहेरून घर गाठता येईल असा स्वतःचा इंटरनेट पत्ता) मिळणार नाही. (एक वाचक)

दोन्हीकडे एकेक छोटा ठेवा. खर्च वाढेल, पण बदल्यात घर सोडून दुसरीकडे ठेवलेला बॅकअप आपोआप मिळतो, तुमचा त्यांच्याकडे आणि त्यांचा तुमच्याकडे. जर्मनीत युनिटला ३० सेंटच्या वर दर जातो, म्हणजे १० वॅटचं मशीन वर्षभर चालवायला ८८ युनिट, २६-३० युरो. तुमच्यासाठी आयडलचा एकेक वॅट मोजणं रास्त आहे, तुमच्याकडे एन१०० ठेवा आणि कोल्हापूरला जुना टायनी.

पब्लिक आयपी नाही म्हणजे कंपनी बऱ्याच गिऱ्हाइकांना एकाच आयपीमागे ठेवते, सीजीनॅट म्हणतात त्याला. बाहेरून थेट आत शिरता येत नाही, आणि खरं सांगायचं तर ते बरंच आहे, घरचा सर्व्हर उघड्यावर ठेवूच नये. टेलस्केल नावाचं सॉफ्टवेअर टाका. ते वायरगार्ड नावाच्या सुरक्षित जोडणीच्या पद्धतीवर चालतं. दोन्ही सर्व्हर आणि सगळ्यांचे मोबाइल एकाच खाजगी नेटवर्कमध्ये येतात, राउटरमध्ये काही उघडावं लागत नाही, घरगुती वापराला फुकट प्लॅन पुरतो. फोटोंसाठी इमिच बसवा, आई-बाबांना ते गूगल फोटोजसारखंच वाटेल, शिकवायला फार लागणार नाही. इमिच चेहरे ओळखायला सुरुवातीला मशीन चांगलंच राबवतं, पहिले काही दिवस पंखा जोरात वाजेल, बाबांना आधीच सांगून ठेवा नाहीतर ते प्लग काढतील.

पहिली कॉपी नेटवरून पाठवत बसू नका. ४० एमबीपीएस अपलोड असला तरी ५०० जीबीला २८ तास लागतात, तेही मध्ये काही तुटलं नाही तर. सुट्टीला याल तेव्हा डिस्कवर भरून आणा, त्यानंतर रोजचं नवीन तेवढं नेटवरून जाऊ दे. बॅकअपला रेस्टिक नावाचं सॉफ्टवेअर वापरा, पासवर्डने कुलूपबंद राहतो, आणि तो पासवर्ड कागदावर लिहून दोन ठिकाणी ठेवा कारण तो गेला तर बॅकअपही गेला.

कोल्हापूरचं मशीन अडकलं तर जवळपास सात हजार किलोमीटरवरून काय करणार? त्याला स्मार्ट प्लग लावा आणि वर अकोल्याच्या उत्तरात सांगितलेली पॉवर ऑनची सेटिंग करा, म्हणजे प्लग बंद-चालू केला की मशीन उठतं. मात्र राउटर त्या प्लगवर घेऊ नका, राउटर बंद केलात की प्लग परत चालू करायला तुम्हाला रस्ताच राहणार नाही.

प्रश्न: सर्व्हर वाय-फायवर चालेल ना? वायर टाकायला घरमालक नाही म्हणतो. (एक वाचिका, ठाणे)

वायर भिंतीत टाकायची गरजच नाही, सर्व्हर राउटरच्या शेजारीच ठेवा, हातभर लॅन केबल पुरते. वाय-फाय मोबाइल-टीव्हीला. फक्त राउटरचे पोर्ट गिगाबिटचे आहेत का बघा, १०० एमबीपीएसचे असतील तर सेकंदाला ११-१२ एमबीच्या वर कॉपी होणार नाही, गिगाबिटला ११० पर्यंत जाते.

प्रश्न: सर, आमच्या ऑफिसात रॅकमधला जुना सर्व्हर निघतोय, दोन प्रोसेसर, ६४ जीबी रॅम, साहेब फुकट न्या म्हणतायत. घरी लावू का? (एक वाचक, सोलापूर)

नका लावू. त्या चपट्या डब्यात अंगठ्याएवढे पंखे असतात, मिनिटाला दहा हजारांच्या वर फेरे घेतात, बंद दाराआड ठेवलात तरी हॉलमध्ये ऐकू येईल. रिकामा असताना १०० वॅट म्हणजे तो शहाणा निघाला म्हणायचं, आणि १०० वॅट म्हणजे महिन्याला ७२ युनिट. सुटे भाग तरी काढून घेऊ म्हणाल तर डिस्क बहुतेक एसएएसच्या, म्हणजे सर्व्हरसाठीच्या वेगळ्या जोडणीच्या असतील, साध्या मदरबोर्डला लागत नाहीत, आणि रॅम रजिस्टर्ड ईसीसी या सर्व्हरच्या प्रकारची, तीही घरच्या मशिनमध्ये चालत नाही. साहेबांना गोडीत नाही म्हणा, आणि विंडोज ११ मुळे बाद होणारे टेबलावरचे छोटे डेस्कटॉप कधी निघणार आहेत ते मात्र आत्ताच विचारून ठेवा.